तोंडात ठेवलेला शब्द

माझी मातृभाषा मल्याळम. मराठीशी माझी गाठ पडली ती पंचविशीत, सेमिनरीतील अभ्यासक्रम संपत आला तेव्हा. मल्याळममध्ये निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाही. मराठीत मात्र जेवणाच्या ताटातही तीन लिंगे! तो भात, ती भाकरी, ते वरण. वहीत याद्या करून मी रात्री घोकत असे आणि सकाळपर्यंत निम्म्या विसरत असे.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ केली, तर त्यांतील बराच भाग पहिल्या काही तासांतच निसटतो, असे त्याला आढळले. माझ्या याद्याही मला तशाच निर्जीव होत्या.

पुढे वर्धा जिल्ह्यातील रोहण्याला एका कुटुंबाकडे मी प्रार्थनेस जाऊ लागलो. एका सायंकाळी प्रभूची प्रार्थना म्हणताना मध्येच माझा शब्द हरवला. मी ओशाळलो. घरातील निरक्षर आजीबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच तो शब्द पुरवला आणि प्रार्थना पुढे गेली. नंतर भाकरी वाढताना त्या म्हणाल्या, "फादर, शब्द वहीत नका ठिवू, तोंडात ठिवा." त्यानंतर 'ती भाकरी' मला कधी घोकावी लागली नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्यात आले. परभाषेत त्यांनी रचलेले 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राशोल येथे छापले गेले. त्यासाठी त्यांनी ओवी निवडली. ओवीचे यमक पुढच्या शब्दाला हाक मारते. म्हणून अक्षरओळख नसलेला श्रोताही ती कानांनी टिपून मुखोद्गत करू शकतो. आजीबाईंची मराठीही अशीच कानांतून आलेली होती.

काही वर्षांनी त्यांची स्मृती गेली. मुलगा, सून, नातवंडे, कोणाचीच ओळख उरली नाही. मी भेटीस गेलो, तेव्हा माझ्याकडेही त्या परक्यासारख्या पाहत राहिल्या. मी प्रार्थना सुरू केली. कंठ दाटून आला आणि त्याच जागी थांबलो. क्षणभर शांतता. मग त्यांच्या ओठांतून तोच शब्द आला. सुनेने पदर डोळ्यांना लावला.

ज्या शब्दांमागे कोणाचा तरी आवाज असतो, ते सर्वांत शेवटी जातात, असे मला तेव्हापासून वाटते. आज आपली मुले इंग्रजी शाळांत शिकतात, शिकू देत. पण घरात निदान सायंप्रार्थना तरी मोठ्याने, सर्वांनी मिळून, आपल्या बोलीत होऊ द्या. मुलांना अर्थ आज कळेल वा उद्या कळेल; आवाज मात्र आजच द्यायचा आहे.