गाजलेला बँड सोडणारे

गाजलेल्या बँडमधून कुणी बाहेर पडलं की लोक आधी भांडण शोधतात. पैशांवरून बिनसलं असेल, नाहीतर गायकाच्या डोक्यात हवा गेली असेल. मी बरीच वर्षं ड्रम वाजवतो. आधी स्वतःच्या बँडमध्ये वाजवायचो, आता दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला आणि कार्यक्रमांना जातो. मला वाटतं, या जाण्याचं कारण बरेचदा कामातच असतं. बँड मोठा झाला की वाजवणाऱ्याचं काम बदलतं.

छोट्या हॉलमध्ये गाणं त्या रात्रीचं असतं. समोरचे नाचू लागले की लय जरा चढते. गिटारवाला रंगात आला तर त्याला आणखी दोन आवर्तनं देता येतात. ड्रमर आणि बेसवाला एकमेकांकडे बघतात आणि तेवढ्यात ठरतं. स्टेडियममध्ये बहुधा दिवे, पडद्यावरची दृश्यं आणि आधी रेकॉर्ड केलेले तुकडे एकाच वेळापत्रकाला बांधलेले असतात. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक, चालू असते. लय थोडी उतरवावीशी वाटली तरी उतरवता येत नाही. शिवाय लोक रेकॉर्डवर ऐकलेलंच गाणं ऐकायला आलेले असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण ज्याला वाजवता वाजवता काही सुचतं, त्याची इथे घुसमट होते.

बिल ब्रुफर्डचं उदाहरण मला म्हणूनच जवळचं वाटतं. 1972 मध्ये यस या बँडचा ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम रेकॉर्ड झाला. तो बाजारात येण्याआधीच ब्रुफर्डने बँड सोडला आणि किंग क्रिमसन गाठलं. तिथे रंगमंचावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवायला भरपूर वाव होता, उद्याची खात्री मात्र कमी. दोनच वर्षांत, 1974 मध्ये, तो बँड मोडलाही. 2009 मध्ये ब्रुफर्डने जाहीर कार्यक्रम थांबवले आणि पुढे सरे विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विषय होता ड्रमरची सर्जनशीलता. यस सोडतानाचा प्रश्नच त्याने उतारवयात प्रबंधाला घेतला, असं मी समजतो.

संगीतासाठी न जाता बाहेर पडणारेही असतात. आर.ई.एम.चा ड्रमर बिल बेरी मार्च 1995 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कार्यक्रम चालू असतानाच कोसळला. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला, दौऱ्यावर परतला. पुढच्या वर्षी बँडने वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी नवा करार केला. त्याची रक्कम 8 कोटी डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1997 मध्ये, बेरी बँडमधून बाहेर पडला आणि जॉर्जियातल्या आपल्या शेतावर गवताचं पीक घेऊ लागला. श्रेयावरून भांडण असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तोवरच्या गाण्यांवर बँडमधल्या चौघांचीही नावं लागत होती. माझ्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जाणार नाही, अशी उलट त्याचीच अट होती. बँड 2011 पर्यंत चालला. बाहेरचे ड्रमर वाजवत राहिले, पण बेरीची जागा सदस्य म्हणून कुणालाच दिली नाही.

आणि राहणाऱ्यांना हे सगळं गोड लागतं असंही नाही. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स दौऱ्यांना कंटाळायचा. बँडला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा, यातली पाच वर्षं काम आणि वीस वर्षं नुसतं ताटकळणं, असा हिशेब त्याने मांडला होता. ज्या ज्या हॉटेलात झोपला तिथल्या पलंगाचं चित्र तो काढून ठेवायचा. तरीही 2021 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो स्टोन्सचाच ड्रमर होता. त्याने कंटाळा निभावून नेला. ते सगळ्यांना जमत नाही आणि जमायलाच हवं असंही नाही.

जून 2024 मध्ये न्यूयॉर्कला साँगरायटर्स हॉल ऑफ फेमच्या समारंभात आर.ई.एम.चे चौघे पुन्हा एकत्र वाजवायला बसले, बेरीसकट. सोडून गेलेल्याशी नातं असं टिकू शकतं, म्हणून नव्याने बँड काढणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे: कमाईची वाटणी लिहून ठेवता, तसं कुणी सोडून गेलं तर काय हेही पहिल्याच वर्षी लिहून ठेवा. नाव कुणाकडे राहणार, जुन्या गाण्यांची रॉयल्टी कशी वाटणार, किती आधी सांगायचं. जाणारा जाणारच, त्याला परत वाजवायला बोलावता येईल, असं जाऊ द्या.