दिवेकर कोणते?

करमाळ्यास कमलाभवानीच्या देवळांत बसलों असतां आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, हे सामाजी हसाजी दिवेकर कोणते ब्राह्मण?" आम्हांस हंसूं आलें, आणि मागून लाज वाटली. अमेरिकेंतील यादवी युद्ध आम्ही वर्षानुवर्षें शिकविलें. ज्यू मनुष्य लढाईस कचरतो या कुचाळकीस उत्तर म्हणून त्या युद्धांतील ज्यू शिपायांनीं १८९६ सालीं न्यूयॉर्क येथें आपली संस्था काढली, हेंही सांगितलें. आमच्याच कोंकणांतील बेने इस्रायलांविषयीं मात्र चकार शब्द काढला नाहीं!

शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांस लोक 'शनवार तेली' म्हणत, तेच हे. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, भाषा मराठीच. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेंत ते शिरले आणि सुभेदारीपर्यंत चढले. सामाजी, म्हणजे सॅम्युएल इझीकेल, टिपूच्या कैदेंतून सुटून आले आणि १७९६ मध्यें त्यांनीं मुंबईस पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. नांव 'शार हराहमीम', म्हणजे दयेचें द्वार. बेने इस्रायल आपल्या मंदिरास मशीदच म्हणत. मशीद स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. जेऊरहून मुंबईस जातांना तें स्टेशन आम्ही किती वेळां ओलांडलें असेल!

पुढें फौजेची रचना जातवार झाली. ज्या समाजाची एक कंपनीही भरत नाहीं, त्याच्या शूर शिपायास बढती कोठून मिळणार? तरवार ठेवून मुलें कचेऱ्यांत व रेल्वेंत शिरलीं. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८९७ च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास लिहिला व त्यांत फौजी अंमलदारांचीही नोंद ठेवली. हें लेखन म्हणजे आमच्या मतें एक अर्जच होता; तो छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव्ह येथें, ग्रंथकर्त्याच्या पश्चात्. तोंवर ज्यांस तो वाचावयाचा, त्या सरकारचेच दिवस भरत आले होते.

स्वतंत्र भारताच्या आरमारांत बेंजामिन सॅमसन व्हाइस अॅडमिरल झाले. १९७१ सालीं ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे जनरल जेकब कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यांतले. त्यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यास ठाऊक होतें. सुभेदारांचीं मात्र नव्हतीं, व खरें सांगावयाचें तर आम्हांसही पांच-सातांपलीकडे येत नाहींत.

पुढल्या खेपेस मुंबईस गेलों, तेव्हां त्यास मशीद स्टेशनावर उतरवून सॅम्युएल स्ट्रीटपर्यंत पायीं नेलें.