वीस ओळी

एखादी विद्या आपणांस येत नाहीं याचें दुःख असतेंच. पण आपण कष्टानें मिळविलेली विद्या एके दिवशीं सोपी व्हावी, याचें दुःख कांहीं निराळेंच!

बोईसरच्या एका कारखान्यांत मालाच्या पावत्या संगणकावर गांववार लावण्याचें काम माझ्याकडे आहे. पावत्या येतात एक्सएमएलच्या खुणांत, आणि त्यांना हवें तें रूप देणारी भाषा ती एक्सएसएलटी. तिच्या १९९९ सालच्या पहिल्या आवृत्तींत गट पाडण्याची आज्ञाच नव्हती. मग स्टीव्ह म्युंच या गृहस्थांच्या नांवानें ओळखली जाणारी युक्ति योजावी लागे. आधीं गांववार सूचि करावयाची, आणि मग प्रत्येक पावतीला उभी करून पुसावयाचें, "बाई, या सूचींत तुझ्या गांवची पहिली पावती तूंच ना?" ती 'होय' म्हणाली, तरच त्या गांवाचा मथळा छापावयाचा. हें अंगवळणीं पडण्यास मला दोन महिने लागले, आणि त्या बळावर पुढें कित्येक वर्षें मीं कचेरींत मान मिरविला.

परवां मुरबे येथें आमच्या घरीं भाची आली. ओटीवर बसून तिनें माझ्या वीस ओळी वाचल्या व म्हणाली, "मामा, एवढं कशाला?" तिनें गट पाडण्याची एकच आज्ञा लिहिली, आणि पावत्या निमूटपणें गांववार उभ्या राहिल्या. ही सोय दुसऱ्या आवृत्तींत, २००७ सालींच झालेली! कचेरींतील यंत्रणेला पहिलीच आवृत्ति समजते, अशी सबब मीं सांगितली. ती यंत्रणा बदलून तीन वर्षें झालीं होतीं, हें मात्र सांगितलें नाहीं.

आमच्या आजोबांना सुताच्या जाळ्यांना साल उकळून रंग देण्याची विद्या उत्तम येत असे. नायलॉन आल्यावर त्यांना ती कोणी विचारीना. ते तिच्या गोष्टी सांगूं लागले, कीं आम्ही मुलें हंसत असूं.

रात्रीं २०१७ सालची तिसरी आवृत्ति घेऊन बसलों. मजकुरांतच महिरपी कंस घालून त्यांत हवी ती किंमत मागतां येते, हें तासाभरांत जमलें. मला मोह पडला तो बाणाच्या चिन्हाचा. पूर्वीं कंसाच्या पोटांत कंस, त्याच्या पोटांत आणखी एक, असें आंतून बाहेर वाचावें लागे. आतां वस्तु आधीं, मग बाण, मग क्रिया. पुन्हा बाण, पुढची क्रिया. मासळी घे, धू, मीठ लाव! मराठींत कर्म आधीं आणि क्रियापद मागाहून येतें. त्यामुळें हा परदेशी बाण मला आपल्याच घरचा वाटला.

सकाळीं भाचीनें विचारलें, "मामा, त्या वीस ओळी पुसल्या ना?" मीं मान हलविली. ती होकाराची कीं नकाराची, हें तिनें विचारलें नाहीं.