सुधारून वाढविलेली आवृत्ति

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'सुधारून वाढविलेली आवृत्ति' हे शब्द दिसले कीं आमच्या मनांत दोन भाव एकदम उठतात. ग्रंथकारास आपल्या चुका कळल्या याचा आनंद होतो, आणि आतां हें पुस्तक पुनः विकत घ्यावें लागणार याचें दुःख होतें. तथापि या प्रकरणांत वाचकाचें एक स्वातंत्र्य अबाधित असतें. जुनी आवृत्ति कपाटांत असते, ती तेथेंच राहते. नवी आवडली नाहीं तर मनुष्य खुशाल जुनीकडे परततो. ग्रंथकार मध्यरात्रीं घरांत शिरून तिचीं पानें फाडून नेत नाहीं.

खिशांतील मोबाईलची गोष्ट निराळी. त्याच्या अंगांत जी कार्यप्रणाली असते तिचीही वेळोवेळीं नवी आवृत्ति निघते, तीही सुधारून वाढविलेली असते. पण ती आली कीं जुनी नाहींशी होते, आणि बहुधा परत मिळत नाहीं. मिरजोळ्यास आमचें घर औद्योगिक वसाहतीच्या गजबजाटापासून थोडें आंत आहे. श्रावणांतल्या संध्याकाळीं पाऊस कौलांवर वाजत असतो, वीज आतां जाते कीं मग जाते अशा धाकांत आम्ही उत्तरपत्रिका तपासीत बसलेले असतों, आणि तेवढ्यांत तळहाताएवढ्या कांचेवर सूचना उमटते: नवें अपडेट तयार आहे; 'आतांच' कीं 'नंतर'? विचारणाऱ्याची सभ्यता पाहून प्रथम बरें वाटतें. मग लक्षांत येतें कीं 'नको' हा तिसरा शब्द तेथें नाहींच.

आम्ही स्वभावानें 'नंतर'वाले. आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षकखोलींत या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक सूचना आली त्याच रात्रीं अपडेट बसवितात, आणि दुसऱ्या दिवशीं नव्या घड्याळाचा फेटा नव्या जावयानें मिरवावा तसा फोन मिरवितात. संस्कृतच्या प्राध्यापकांनीं गेल्या तीन वर्षांत एकही बसविलेलें नाहीं. चालत्या गाडीला खीळ कां घालावी, हा त्यांचा प्रश्न. आम्ही इंग्रजीचे. आमचें काम दोन्ही बाजू ऐकून चहा गार होऊं देणें, एवढेंच होतें.

तत्परपक्षाची बाजू लेचीपेची नाहीं. सन 2015 मध्यें अँड्रॉइडच्या 'स्टेजफ्राइट' नांवाच्या भागांत, म्हणजे चित्रफिती उलगडून दाखविणाऱ्या भागांत, असें छिद्र सांपडलें कीं परक्यानें धाडलेल्या एखाद्या संदेशाच्या वाटेनेंही फोनांत शिरकाव व्हावा. त्याच वर्षाच्या ऑगस्टपासून गूगलनें दरमहा दुरुस्तीपत्रक काढण्याचा क्रम सुरू केला. याहून बोलका दाखला संगणकांचा आहे. मायक्रोसॉफ्टनें मार्च 2017 मध्यें विंडोजमधील एक छिद्र बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. 12 मे 2017 रोजीं 'वॉनाक्राय' नांवाची कीड त्याच छिद्रांतून जगभर पसरली. ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांत रोग्यांना दिलेल्या वेळा आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने दाराशीं उभें होतें, पण अनेकांनीं त्यास 'नंतर' असें सांगितलें होतें. येथें एक मर्म आहे तें सामान्य माणसाच्या ध्यानांत येत नाहीं. दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे छिद्र नेमकें कोठें होतें हें चोरांसही कळतें. म्हणून दुरुस्ती निघाल्यानंतरचे दिवस आळशी माणसास पूर्वीपेक्षां अधिक धोक्याचे असतात.

दुसऱ्या पक्षाची शिदोरीही रिकामी नाहीं. ॲपलनें सप्टेंबर 2014 मध्यें आयफोनसाठीं एक दुरुस्ती काढली, तिच्यामुळें कित्येक अगदीं नव्या फोनांचें दूरसंचाराशीं असलेलें नातेंच तुटलें, आणि ती तांतडीनें मागें घ्यावी लागली. त्याच कंपनीनें डिसेंबर 2017 मध्यें कबूल केलें कीं बॅटरी थकलेल्या जुन्या फोनांचा वेग नव्या आवृत्तींतून मुद्दाम कमी केला जातो. फोन एकाएकीं बंद पडूं नये हा हेतु तिनें सांगितला, पण तो आधीं सांगितला नव्हता. ऑक्टोबर 2018 मध्यें इटलीच्या स्पर्धा-नियामकानें जुन्या फोनांवर जड अपडेट लादल्याबद्दल ॲपलला एक कोटि आणि सॅमसंगला पन्नास लक्ष युरो दंड केला. आणि 19 जुलै 2024 चा शुक्रवार तर आहेच. त्या दिवशीं रक्षणासाठींच असलेल्या क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनें सुमारें 85 लक्ष विंडोज यंत्रें आडवीं झालीं, आणि आपल्या देशांतल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले पास देण्यांत आले. पहारेकऱ्यानेंच घराला कुलूप लावून किल्ली विहिरींत टाकावी, तसा हा प्रकार झाला.

मग करावें काय? आमच्या कोंकणांतल्या माणसाला याचें उत्तर त्याच्या डोक्यावरच सांपडावें. पाऊस लागण्यापूर्वीं घर शाकारावें लागतें. फुटकीं कौलें काढावयाचीं, सरकलेलीं नीट बसवावयाचीं, वाशांना वाळवी लागली कीं काय तें पाहावयाचें. घर गळत नसतांना हें करावयाचें असतें. गळूं लागल्यावर चढणारा मनुष्य शेवाळावरून घसरतो. सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या म्हणजे ही शाकारणी. तिच्यांत घराचें रूप बदलत नाहीं, माजघर माजघराच्या जागीं राहतें. परंतु कौलें उतरवून, जांभ्याच्या भिंती पाडून, त्या जागीं स्लॅबचें नवें घर बांधणें निराळें. वर्षाकांठीं येणारी नव्या क्रमांकाची आवृत्ति या दुसऱ्या जातीची. दोन्ही कामांना एकच 'अपडेट' हें नांव पडल्यामुळें आमच्यासारख्यांचा घोटाळा होतो. घर पाडण्याच्या भीतीनें आम्ही शाकारणीही टाळतों. किंवा शाकारणी समजून होकार देतों आणि सकाळीं उठून पाहतों तों माजघर नाहीं.

हें शहाणपण आम्हांस पुस्तकांतून आलेलें नाहीं. आमच्या हातून एक चूक घडली, तिच्यांतून तें आलें.

आमच्या मातोश्रींचें वय त्र्याऐंशी. दृष्टि अधू झालेली आहे. कडेचें दिसतें, मधलें धूसर. आमचे धाकटे बंधु पुण्यास असतात. ते रोज संध्याकाळीं सात वाजतां फोन करतात, आणि तो दहा मिनिटांचा संवाद हा तिच्या दिवसाचा कळस असतो. तिला फोन उचलावयास शिकविण्यास आम्हांस एक अख्खा मे महिना लागला होता. उजव्या हाताचा अंगठा खालच्या अमुक कोपऱ्यावर नेऊन एकदां टेकावयाचा, एवढें तिनें पाठ केलें. डोळ्यांनीं नव्हे, बोटांनीं पाठ केलें. दोन वर्षें तें बिनबोभाट चाललें.

गेल्या वर्षीं आम्हांस उत्साहाचा झटका आला. वर सांगितलेल्या रुग्णालयांची हकीकत नुकतीच वाचली होती. रात्रीं ती निजल्यावर आम्हीं तिच्या फोनवर 'आतांच' हा शब्द दाबला आणि कर्तव्य केल्याच्या समाधानानें झोंपलों. नव्या आवृत्तींत फोन उचलण्यासाठीं टेकण्याऐवजीं बोट सरकवावें लागत होतें, आणि जागाही बदलली होती. आम्हांस त्याची कल्पना नव्हती, कारण आम्हीं पाहिलेंच नव्हतें.

चौथ्या दिवशीं बंधूंचा फोन आमच्याकडे आला: आईला बरें नाहीं का? तीन दिवस ती फोन घेत नाहीं. आम्ही तिच्या खोलींत गेलों. ती पलंगावर बसली होती, फोन मांडीवर होता. आम्हीं विचारलें तेव्हां ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "अरे, वाजतो तो मला ऐकूं येतो. पण मला उचलतांच येत नाहीं. दोन वर्षें येत होतें, तें मी एका रात्रींत विसरलें. म्हटलें, आतां डोकेंही गेलें. तुला काय सांगायचें?"

तीन संध्याकाळीं मुलगा हांक मारीत होता आणि ती त्या हाकेसमोर बसून आपली बुद्धि ढळली असें समजत होती. तो फोन बिघडला असेल, असा संशय तिला शिवलाही नाहीं. म्हाताऱ्या माणसांना दोष स्वतःकडे घेण्याची संवय असते. बेकनचा नव्या गोष्टींवरचा निबंध आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला आहे. काळ बदल करतो पण हळूहळू, माणसानेंही तसेंच करावें, हा त्याचा आशय आम्ही फळ्यावर लिहीत आलों. घरांत मात्र आम्हीं तो एका रात्रींत पुसला.

नव्या फोनांत एक योजना असते, ती ऐकून आम्हांस कौतुक वाटलें होतें. त्यांत कार्यप्रणालीसाठीं दोन खोल्या असतात. आपण एकींत वावरत असतां दुसरींत नवी आवृत्ति गुपचूप मांडली जाते. फोन बंद करून सुरू केला कीं आपण त्या खोलींत जातों. आणि ती उभीच राहिली नाहीं तर यंत्र आपोआप पहिलींत परततें. योजना उत्तम आहे. परंतु यंत्र उभें राहिलें कीं नाहीं एवढेंच तिला कळतें. माणूस उभा राहिला कीं नाहीं, हें पाहणें घरच्यांकडे उरतें.

त्या रात्रीं मातोश्रींची समजूत घालतांना बोलणें पंचांगावर गेलें. तिचें माहेर टिळक पंचांगाचें, सासर जुन्या पंचांगाचें. गेल्या शतकाच्या पूर्वींच केरूनाना छत्रे यांनीं आकाशांत प्रत्यक्ष दिसतें त्याशीं जुळणारें पंचांग काढण्याचा उद्योग केला, तें पुढें पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झालें. आमच्या रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्यांनीं त्या पक्षाचा पुरस्कार केला, आणि 1920 मध्यें सांगलीस त्यासाठीं ज्योतिष-संमेलनही भरलें. गणित शुद्ध करावें हा त्यांतला आग्रह. परंतु अयनांशांच्या फरकामुळें कांहीं वर्षीं अधिक मास वेगळा पडतो, आणि मग टिळक पंचांगाच्या घरांतला गणपति इतरांच्या एक महिना आधीं बसतो. आमच्या जिल्ह्यांत आजही अशीं घरें आहेत.

मातोश्री म्हणाली, "त्या वर्षीं आमच्याकडे आरती चाले, आणि शेजारीं सगळा काळोख. मोदक व्हायचे, पण खायला बाहेरचें कोणी नाहीं. वडील म्हणत, आपलें गणित बरोबर आहे. असेल बरोबर. मला मात्र लग्न होईपर्यंत वाटे, देव चुकून आधीं आला."

आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. तिच्या वडिलांची चूक नव्हती. चुकीचें गणित सर्वांनीं मिळून केल्यानें तें बरोबर होत नाहीं. पण एकट्यानें पुढें जाणाऱ्यास जसा एकांत भोगावा लागतो, तसाच एकट्यानें मागें राहणाऱ्यासही. संस्कृतच्या प्राध्यापकांचा फोन आतां इतका जुना झाला आहे कीं त्यांच्या बँकेचें ॲप त्यावर उघडत नाहीं, आणि पोहे आणावयाचे तरी त्यांना सुटे पैसे शोधावे लागतात. म्हणजे 'आतांच' आणि 'नंतर' या दोन्ही शब्दांच्या शेवटीं एकांत आहेच. प्रश्न कोणत्या शब्दावर बोट ठेवावें हा तितकासा नाहीं. तें ठेवतांना शेजारीं कोण बसलें आहे, हा आहे.

तेव्हांपासून आमच्या घरीं कांहीं नियम झाले आहेत. शाकारणी लांबवावयाची नाहीं. सुरक्षेची दुरुस्ती आली कीं त्याच आठवड्यांत बसवावयाची. मोठी आवृत्ति आली तर पंधरा दिवस थांबावयाचें. चुकीची असेल तर तोंवर जगांत बोभाटा होतो. त्याआधीं फोनांतलीं छायाचित्रें आणि नांवें दुसरीकडे उतरवून ठेवावयाचीं. आणि ज्याचा फोन असेल तो जागा असल्यावांचून, जवळ बसल्यावांचून, त्यावर बोट ठेवावयाचें नाहीं.

गेल्या महिन्यांत मातोश्रींच्या फोनवर पुनः मोठ्या आवृत्तीची सूचना आली. पंधरा दिवस गेल्यावर एका रविवारीं दुपारीं आम्ही तिच्याजवळ बसलों आणि काय होणार आहे तें सांगितलें. तिनें विचारलें, "नाहीं केलें तर चालेल?" आम्ही म्हणालों, "कांहीं दिवस चालेल." ती म्हणाली, "मग करच. फक्त आज संध्याकाळीं कुठें जाऊं नकोस."

सात वाजतां फोन वाजला. बोट सरकवितांना पहिल्यानें चुकलें, दुसऱ्यानेंही चुकलें. आम्हीं हात पुढें केला नाहीं. पांचव्या घंटेला पलीकडून बंधूंचा आवाज आला, आणि आम्ही उठून ओटीवर गेलों.