उसने केस

केस हा आमच्या घरात बोलण्याचा विषय कधीच नव्हता. तेल, कंगवा, वेणी आणि वरून ओढणी, एवढ्यात तो संपत असे. लहानपणी आमच्या गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई येई. शेजारपाजारच्या बाया विंचरताना निघालेली गुंतवळं पिशवीत साठवून ठेवत आणि तिच्याकडून स्टीलची वाटी नाहीतर चमचा घेत. नानी मात्र तिला दारातूनच परत पाठवत. माणसाच्या शरीराचा कुठलाच भाग विकू नये, असं त्या म्हणत. स्वतःचे गळालेले केस त्या अंगणातल्या मातीत पुरून टाकत. ती वाट्यांवर जाणारी गुंतवळं पुढे कुठे जातात, त्यांचं काय होतं, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नव्हता. तो पडायला २०२३ साल उजाडावं लागलं.

आम्ही तिघी बहिणी. दोघींची लग्नं नागपुरात झाली. धाकटी खापरखेड्यातच राहिली. वीज केंद्राच्या धुराड्यांखाली आमचं बालपण गेलं. १,३४० मेगावॅटचं ते केंद्र, सिल्लेवाडा-वलनीच्या कोळशाच्या खाणी आणि देशभरातून पोटासाठी आलेली माणसं, यांनीच आमचं गाव बनलं. घरात हिंदी, शाळेत मराठी आणि मदरशात अरबीची ओळख, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. धाकटीचा नवरा केंद्रातच ठेकेदाराकडे काम करतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्या छातीतली गाठ कर्करोगाची निघाली. डॉक्टरांनी आधी औषधं आणि मग ऑपरेशन असा क्रम ठरवला. दर तीन आठवड्यांनी एकदा, असं चार वेळा सलाइनमधून द्यायचं लाल रंगाचं औषध, आणि त्यानंतर बारा आठवडे दर आठवड्याला दुसरं. पहिल्या सलाइननंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातील, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. अठराव्या दिवशी उशीवर केस दिसले आणि आठवड्याभरात डोकं मोकळं झालं.

इलाजाचा बराचसा खर्च सरकारी योजनेतून होत होता. येण्याजाण्याचा, तपासण्यांचा, खाण्यापिण्याचा आम्ही सगळे मिळून करत होतो. त्यात धाकटीने एक मागणी केली. मे महिन्यात आमच्या भावाचा निकाह होता. ती म्हणाली, "आपा, मला विग पाहिजे. समोरून खरे केस वाटतात, तसला."

घरात दोन तट पडले. अम्मी म्हणाली, "डोक्यावर ओढणी असतेच. बाहेर जाताना बुरखा. मग विग कोणाला दाखवायचा?" हा प्रश्न पुढे आम्हाला कितीतरी जणींनी विचारला. पहिल्यांदा ऐकताना तो बिनतोड वाटतो. पण आम्ही दोघी त्यावर जसजसा विचार करत गेलो, तसतसा तो उलटा होत गेला. ज्या बाईचे केस बाहेरच्या जगाने कधी पाहिलेच नाहीत, तिचे केस गेल्याने बाहेरच्या जगात काही बदलत नाही. ते पाहणारी माणसं घरातली असतात. नवरा, लेकरं, बहिणी, आणि लग्नाच्या दिवशी जनानखान्यात ओढणी खांद्यावर टाकून बसलेल्या साऱ्या बायका. आमची भाची सात वर्षांची. ती रात्री आईची वेणी मुठीत धरून झोपायची. म्हणजे बुरख्यामुळे हे दुःख कमी होत नाही, ते फक्त घरात येऊन बसतं.

धाकटीने तिचं कारण अगदी थोडक्यात सांगितलं. "लग्नात सगळ्या जणी मला बिमार म्हणून कोपऱ्यात बसवतील. कोणी सरबत आणून देईल, कोणी दुआ देईल. मला भावाच्या लग्नात बहीण म्हणून वावरायचं आहे."

मग आम्ही दोघी सीताबर्डीत आणि सदरमध्ये दुकानं पालथी घालायला लागलो. ज्याला लेस फ्रंट म्हणतात तो विग म्हणजे काय, ते तिथे कळलं. साध्या विगमध्ये केसांच्या पट्ट्या मशीनने टोपीवर शिवलेल्या असतात. त्यामुळे कपाळाजवळ जाड कड दिसते आणि पाहणाऱ्याला लगेच कळतं. लेस फ्रंटमध्ये एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, पुढच्या बाजूला, अतिशय पातळ जाळी असते. त्या जाळीच्या छिद्रांतून बारीक आकड्याने एकेक केस हाताने गाठ मारून बसवतात. जाळी कातडीवर टेकली की ती दिसत नाही आणि केस कपाळातूनच उगवल्यासारखे वाटतात. मागचा भाग बहुधा मशीनचाच असतो. किंमत आहे ती त्या पुढच्या चार बोटं जागेतल्या मजुरीची.

माणसाच्या केसांच्या अशा विगची किंमत आम्हाला २८ हजार सांगितली गेली. तसाच, पण कृत्रिम धाग्याचा, ९ हजारांना. साधा मशीनचा साडेतीन हजारांना. दुकानदार पहिल्याचीच तारीफ करत होता. आम्ही घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. औषधं जुलैअखेर संपणार. केस परत दिसू लागायला त्यानंतर एक-दोन महिने, आणि केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे बिनकेसांचे एकूण महिने धरले आठ-नऊ. २८ हजारांना नऊने भागलं तर महिन्याला तीन हजारांहून अधिक. त्यात चिकटवण्याची टेप, गोंद, तो काढायचं द्रावण आणि वेगळा शांपू मिळवायचा. ती रक्कम तिच्या नवऱ्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होत होती. तरी तो बिचारा म्हणाला, "घेऊन टाका. मी ओव्हरटाइम करीन."

पैशापेक्षा मेहनतीचा हिशेब अवघड निघाला. जाळी रंगाने फिकी येते. गव्हाळ कपाळावर ती पांढुरकी दिसू नये म्हणून पावडर लावून रंग जुळवावा लागतो. पुढची जास्तीची जाळी कात्रीने कापायची, आणि कात्री जरा चुकली तर दुरुस्ती नाही. विगच्या आत बारीक कंगवे शिवलेले असतात, ते स्वतःच्या केसांत अडकवायचे. पण ज्या डोक्यावर एकही केस नाही, तिथे कंगवा कशात अडकणार? म्हणजे गोंद किंवा टेप आलीच. औषधांच्या काळात कातडी नाजूक होते, गोंदाने पुरळ येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी गोंद टाळायला सांगितला. त्यात मे महिन्यातलं खापरखेडं! पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, घामाने कपाळावर टिकली टिकत नाही, तिथे गोंद काय टिकणार? शिवाय आमच्या गावात हवेत राख असते. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बसते, तशी केसांवरही बसणार. विग धुवायचा, सावलीत स्टँडवर वाळवायचा, खालून वर हळूहळू विंचरायचा. जिला सलाइननंतर चार दिवस पेला उचलवत नाही, तिने हे करायचं की आम्ही?

आणखी एक गोष्ट होती. नमाजसाठी वजू करताना चेहरा धुवायचा तो कपाळावर जिथून केस सुरू होतात तिथपासून. लेसचा गोंद लागतो नेमका तिथेच. शिवाय डोक्यावर मसह करायची ती खऱ्या डोक्यावर, विगवर नव्हे. दोन-दोन आठवडे चिकटवून ठेवायचा विग म्हणजे दिवसातून पाच वेळा अडचण. म्हणजे विग घ्यायचाच, तर सहज काढता-घालता येईल असाच हवा.

इथून आम्ही मोठ्या प्रश्नाशी आलो. असे केस लावणं जायज आहे का? आम्ही आलिम नाही. पण पुस्तकं उघडून पाहिली आणि ओळखीच्या एका मौलानांना विचारलं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत, केसांना दुसरे केस जोडणारीवर आणि जोडून घेणारीवर लानत असल्याची हदीस आहे. त्यातला एक प्रसंग वाचताना आमचे हात थांबले. एक बाई प्रेषित मुहंमदांकडे (स.) येऊन विचारते, माझी मुलगी नवी नवरी आहे, आजारात तिचे केस गळाले, जोडू का? आणि उत्तर नकाराचं मिळतं. ते पान आम्ही धाकटीला लगेच दाखवलं नाही.

मौलानांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं की हनफी फिकहमध्ये मनाई आहे ती मुख्यतः माणसाच्या केसांची, कारण माणसाच्या शरीराचा असा वापर त्याच्या इज्जतीविरुद्ध आहे. लोकर, रेशीम, धागा यांची गोष्ट वेगळी धरली आहे. शिवाय सजण्यासाठी फसवणूक करणं आणि आजाराने आलेलं व्यंग झाकणं, यांत अनेक आलिमांनी फरक केला आहे. त्यांनी अरफजा बिन असअद या सहाबींची आठवण दिली. इस्लामपूर्व काळातल्या कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक तुटलं होतं. चांदीचं बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषांना एरवी सोनं मना असूनही!

आम्ही परत येताना हसलो. बाजारात जे उत्तम म्हणून विकलं जातं, तेच आमच्यासाठी अडचणीचं, आणि जे स्वस्त म्हणून दुकानदार मागे सारतो, ते बिनघोर. नानींची मातीत पुरलेली गुंतवळं आठवली.

माणसाच्या केसांवरून अडलेले आम्हीच होतो असंही नाही. सनातनी ज्यू समाजात लग्न झालेल्या बायका आपले केस झाकण्यासाठीच विग वापरतात. त्यांचा विग हीच त्यांची ओढणी. तिरुपतीला भाविक अर्पण करतात ते केस देवस्थान लिलावात विकतं आणि त्यांचे विग जगभर जातात. २००४ साली इस्रायलमधले ज्येष्ठ रब्बी एल्याशिव यांनी, हे केस मूर्तिपूजेतले आहेत म्हणून असे विग चालणार नाहीत, असा निर्णय दिला. तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बायकांनी आपले महागडे विग रस्त्यावर जाळले. कुठली तिरुपतीची नवस फेडणारी बाई आणि कुठली ब्रुकलिनची! पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबादच्या बेलडांग्याकडे गावोगावची गुंतवळं सोडवून, निवडून पोट भरणारी किती तरी घरं आहेत, त्यांत मुसलमानही पुष्कळ. आमच्या गल्लीतल्या वाटीच्या बदल्यात गेलेले केस अशाच वाटांनी जात असणार. २८ हजारांच्या त्या किमतीत ज्या बाईचे केस, तिच्या वाट्याला वाटीच येते.

शेवटी ९ हजारांचा, कृत्रिम धाग्याचा लेस फ्रंट घेतला. गोंद नाही, टेप नाही. डोक्यावर आधी मखमलीची पट्टी, तिच्यावर विग, म्हणजे घसरत नाही. वरून ओढणी, जरा मागे सरकलेली. दिसायची ती फक्त पुढची चार बोटं, आणि लेस फ्रंटची सगळी करामत तेवढ्यातच असते. ज्या बाया ओढणी घेतात त्यांना मागच्या लांबसडक केसांचे पैसे मोजण्याची गरजच नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. खांद्यापर्यंतचा पुरतो आणि गुंताही कमी होतो. कृत्रिम केसांना गरम इस्त्री चालत नाही, चुलीची किंवा ओव्हनची धगही लागू द्यायची नाही, नाहीतर ते आखडतात. म्हणून लग्नाच्या देगांजवळ आम्ही तिला फिरकू दिलं नाही.

निकाहच्या दिवशी धाकटीने मेहंदीचं ताट फिरवलं, नवरीला ओढणी ओढवली, दोन नातलगांशी भांडलीसुद्धा. ज्यांना माहीत होतं त्या गप्प राहिल्या. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना कळलं नाही. दुपारी तीननंतर तिला उकडायला लागलं तेव्हा आतल्या खोलीत जाऊन तिने तो काढून ठेवला, तासभर पंख्याखाली पडली आणि पुन्हा घातला. रोजच्या रोज मात्र तो तिला झेपला नाही. घरी ती सुती फडकंच बांधत असे. भाचीने तर सांगूनच टाकलं, "हे केस लग्नाचे. घरी नको." ती आता रात्री ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायला लागली होती.

विग नऊ महिन्यांत मोजून अकरा-बारा वेळा घातला गेला. एका वेळेचे साडेसातशे-आठशे रुपये पडले. महाग पडला की स्वस्त? आम्ही दोघींनी हा हिशेब अनेकदा केला. रोज घालायचा विचार असता तर आम्ही नाही म्हटलं असतं. त्या उन्हात, त्या अंगात, ती मेहनत कोणाच्यानेच झाली नसती. पण त्या अकरा-बारा दिवसांत तिला कोणी कोपऱ्यात बसवलं नाही. आमच्या मते तेवढ्यासाठी नऊ हजार योग्य होते, अठ्ठावीस नव्हते. केस कायमचे गेले असतील, रोज नोकरीवर जावं लागत असेल, तर उत्तर वेगळं येईल.

ऑक्टोबरमध्ये तिला केस आले. आधी सरळ होते, आता कुरळे. २०२४ च्या सुरुवातीला आम्ही विग धुऊन, वाळवून खोक्यात ठेवला, तेव्हा कामठीकडच्या एका बाईचा निरोप आला. तिचा इलाज सुरू झाला होता. धाकटी स्वतः खोकं घेऊन गेली. मखमलीची पट्टी तेवढी नवी घेतली, आणि तिने त्या बाईला ती बांधायची कशी ते दाखवलं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात आहे. आमच्या जमातीजवळ लग्नाच्या देगा आहेत, सतरंज्या आहेत, मशिदीत जनाजाचा डोला आहे. गरजेला कोणीही नेतं, धुऊन परत आणून ठेवतं. कोणालाही त्यात लाज वाटत नाही. मुंबईत 'कोप विथ कॅन्सर – मदत' ही संस्था दान आलेल्या केसांचे विग कर्करोगाच्या रुग्णांना मोफत देते. आपल्या मोहल्ल्यांत चार-पाच विग असे सामायिक ठेवायला काय हरकत आहे? खर्च एका देगेहून अधिक नाही. हरकत एवढीच की त्यासाठी आधी बायकांच्या छातीच्या आजाराचं नाव मोठ्याने घ्यावं लागेल. देग मागायला पुरुष जातात. विग मागायला बाईलाच जावं लागेल, आणि द्यायलाही बाईच लागेल. धाकटी म्हणते, खोकं माझ्या घरी ठेवा.