मी उभा कुठे होतो?

आमच्या शाळेला मैदान नाही. अंगणात व्हॉलीबॉलची जाळी बांधली तर पाचवीच्या वर्गाचं दार उघडत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अखेरीस फज्रची नमाज झाली की मी आणि अठरा पोरं मिहानला जायचो. खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची शेतं होती तिथे आता रुंद रस्ते आहेत, विमान दुरुस्तीचं केंद्र आहे, एम्स आहे आणि बरेच रिकामे भूखंडही आहेत. त्यातल्या एकावर चौकीदार चाचांनी आम्हाला खेळू दिलं. माती अजून शेताचीच. पाऊस पडला की बुटाला अशी चिकटते की पाय उचलत नाही.

मी उर्दू आणि इतिहास शिकवतो. फुटबॉल माझ्याकडे आला तो केवळ मी तिशीतला आणि सडपातळ आहे म्हणून. तयारी सुब्रतो कपच्या शालेय सामन्यांची होती. हवाई दलाने १९६० साली सुरू केलेली ही स्पर्धा. आमच्यासाठी पहिली फेरी ओलांडणं हीच दिल्ली.

अर्ध्या मैदानात मी आघाडीच्या पोरांना बचावाच्या पोरांशी भिडवायचो आणि मध्यावर वही घेऊन उभा राहायचो. पहिल्या आठवड्यात आघाडीने एकवीस गोल केले. आता या एकवीस गोलांचं करायचं काय? करणारा आपला, खाणाराही आपलाच. आघाडी तेज म्हणून गोल झाले की बचाव कच्चा म्हणून, हे कोण सांगणार? मी मात्र बेधडक लिहिलं, 'आघाडी उत्तम, बचाव कमकुवत.' मास्तरला शेरा मारायची घाई फार.

सगळ्यात वाईट शेरा लेफ्ट बॅकच्या वाट्याला आला. चेंडू मागून आला की हा मुलगा दोन पावलं पुढे सरकायचा, हात वर करायचा आणि थांबायचा. आमचा स्ट्रायकर त्याच्या पाठीमागून निघून गोल करायचा. एकदा मी ओरडलो, "हात काय वर करतोस? वर्गात बसलायस का? पळ!" पोरं हसली. तोही कसनुसा हसला. तीन दिवसांनी तो यायचा बंद झाला. मी त्याच्या जागी दुसरं नाव घातलं, मुख्याध्यापकांची सही झाली, यादी रवाना झाली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही कामठीला मैत्रीचा सामना खेळायला गेलो. कामठी म्हणजे १८२१ची लष्करी छावणी. तिथे फुटबॉल गल्लीगल्लीत आहे. रब्बानी क्लबचं नाव नागपूरच्या फुटबॉलमध्ये कोणाला माहीत नाही? चौकीदार चाचा मूळचे तिथलेच, सुट्टी होती म्हणून तेही आले. त्या सामन्यात दोन्ही बाजूंना लाइन्समन होते. पहिल्या अर्ध्यातच आमच्या स्ट्रायकरविरुद्ध सात वेळा झेंडा वर गेला. ऑफसाइड! आम्ही दोन गोलांनी हरलो. आमचा एकही धड फटका गोलवर गेला नाही.

परतताना चाचा एवढंच म्हणाले, "मास्टर, आप खड़े कहां रहते थे?"

नियम मला पाठ होता. सहकारी चेंडू मारतो त्या क्षणी आघाडीचा खेळाडू समोरच्या संघाच्या अर्ध्यात, चेंडूच्या आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल आणि मग खेळात भाग घेईल, तर ऑफसाइड. १९२५पूर्वी शेवटून तिसरा मोजत. पण हे दिसतं बचावाच्या ओळीत, बाजूला उभं राहिल्यावर. मध्यावरून पाहिलं तर सगळे एकाच रांगेत वाटतात. म्हणजे माझ्या एकवीस गोलांतले कितीतरी गोलच नव्हते. आणि तो हात वर करून मला तेच सांगत होता. बी.एड.ला चाचणीची वैधता यावर मी पानंच्या पानं लिहिली होती, की जे मोजायचं तेच मोजलं जातंय ना हे आधी पाहावं.

२०२४ला 'मैदान' आल्यापासून पोरांना सय्यद अब्दुल रहीम ठाऊक आहेत. हैदराबादचे हे प्रशिक्षक मुळात शाळामास्तर, म्हणून मला ते जवळचे वाटतात. १९६२च्या जकार्ता आशियाई खेळांत बचावातल्या जर्नैलसिंगच्या डोक्याला टाके पडले, तर रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धच्या २-१ विजयातला एक गोल त्याचा. मी उलट केलं, स्ट्रायकरला चार दिवस लेफ्ट बॅकला उभं केलं. दुसऱ्याच दिवशी त्याने हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बाजूच्या रेषेवर होतो.

तो मुलगा वर्धा रोडवर काकांच्या पंक्चरच्या दुकानात सापडला. मी म्हटलं, "बेटा, तू बरोबर होतास." तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता.

"सर, यादीत नाव आहे का माझं?"

"नाही. यादी गेली."

त्याने बुडबुड्याच्या जागी खडूने खूण केली. मग विचारलं, "मग आता बोलवायला का आलात?"

मी काय उत्तर दिलं ते नीट आठवत नाही. बहुतेक पुढच्या वर्षाचं काहीतरी बोललो. गुरुवारी पहाटे तो आला. चपलांवरच होता, बूट आणले नव्हते. माझ्या शेजारी बाजूच्या रेषेवर उभा राहिला आणि पहिलाच चेंडू पुढे आला तेव्हा माझ्याआधी त्याचा हात वर गेला.