डोक्यावरची रेघ

बैजिक भूमितीच्या पुस्तकात एखाद्या अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असते. रेघ म्हणजे क्लोजर: दिलेल्या संचाला पोटात घेणारा सर्वांत लहान बंद संच. व्याख्या एका ओळीत पाठ होते आणि वाचक पुढे सरकतो. पण ही रेघ काय परत देते आणि काय देत नाही, ते एक उदाहरण स्वतः सोडवल्याशिवाय उमगत नाही.

या भूमितीत बंद संच म्हणजे बहुपदी समीकरणांची सामाईक उत्तरं. दोन समीकरणं घेऊ: क्ष गुणिले झ बरोबर शून्य, आणि य गुणिले झ बरोबर शून्य. क्ष, य, झ हे अवकाशातल्या बिंदूचे निर्देशक, आणि झ म्हणजे उंची. झ शून्य असेल तर दोन्ही आपोआप सुटतात. म्हणजे सगळी जमीन आली. झ शून्य नसेल तर क्ष आणि य या दोघांनाही शून्य व्हावंच लागतं. म्हणजे आरंभबिंदूतून वर-खाली जाणारा, जमिनीत खोल रोवलेला एक खांब. जमीन आणि खांब हे या संचाचे दोन अविभाज्य घटक. दोन्हींपैकी एकही आपल्याहून लहान अशा दोन बंद संचांत मोडत नाही.

आता जमीन काढून टाकू. खांब उरतो, पण त्याचा एक बिंदू जमिनीबरोबर जातो, कारण तो दोघांचाही होता. उरलेल्यावर रेघ ओढली की तो बिंदू परत येतो. खांबावर कोणतीही बहुपदी फक्त झची होऊन राहते, आणि शून्येतर बहुपदीला तिच्या घातापेक्षा जास्त मुळं नसतात, हे आपण शाळेतच शिकतो. उरलेल्या खांबावर शून्य होणाऱ्या बहुपदीला तर अनंत मुळं मिळाली. मग ती त्या हरवलेल्या बिंदूवरही शून्यच. जमीन मात्र येत नाही. क्ष आणि य खांबावर शून्य असतात, जमिनीवर सगळीकडे नसतात. तेवढ्यानेच तिचा रस्ता बंद होतो.

एवढं तर नेहमीच्या अंतराच्या हिशेबातही झालं असतं. खरी गंमत पुढे आहे. खांबावरच्या १, २, ३... अशा उंचीच्या खुणा तेवढ्या ठेवा, बाकी सगळं पुसा. अंतराच्या हिशेबात त्या सुट्या खुणा आहेत तशाच बंद आहेत, रेघ त्यांत काहीच भर घालणार नाही. इथे मात्र अख्खा खांब परत येतो. साइनचा आलेख योग्य मापाने आखला तर तो प्रत्येक खुणेवर शून्य होतो आणि मधे खुशाल वर-खाली जातो. बहुपदीला ही चैन परवडत नाही.

बंद संचांच्या या मांडणीला ज्यांचं नाव आहे ते ऑस्कर झारिस्की हार्वर्डला शिकवत, आणि आपले श्रीराम अभ्यंकर तिथे त्यांचे विद्यार्थी होते. पुढे १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं करणारे अभ्यंकर शाळेतल्या बीजगणिताची थोरवी आवर्जून सांगत. वरचा सगळा युक्तिवाद मुळांच्या मोजणीवर उभा आहे हे पाहिलं की त्यांचा आग्रह पटतो.

घटक किती निघतील याची धास्तीही नको. बुद्धिबळाचा तेव्हाचा जगज्जेता इमॅन्युएल लास्कर याने १९०५ साली बहुपदींच्या आयडियलांची, म्हणजे बेरीज केली किंवा कोणत्याही बहुपदीने गुणलं तरी बाहेर न पडणाऱ्या बहुपदींच्या संचांची, फोड करून दाखवली. १९२१ मध्ये एमी न्योटर यांनी त्यामागचं कारण उघड केलं. समीकरणं कशीही असोत, घटक मोजकेच निघतात आणि कोणीही काढले तरी तेच निघतात.

मला या रेघेचा हिशेबीपणा आवडतो. घटकाचा कितीही भाग गेला, पण त्याच्याहून लहान अशा कोणत्याही बंद उपसंचात न मावणारं काही मागे राहिलं, तर रेघ तो पूर्ण भरून देते. घटक समूळ गेला तर ती त्याचे फक्त तेवढेच बिंदू देते, जे शेजाऱ्याचेही होते. म्हणून रेघ ओढण्याआधी आपण किती पुसलं हे मोजत बसण्यात अर्थ नाही. उरलंय ते कोणाचं, एवढंच विचारावं.